सीलिॲक असताना मन खचलं तर काय करावं

गहू बंद केला, जुलाब थांबले, वजन भरू लागलं. तरी सकाळी उठावंसं वाटत नाही. कुणी जेवायला बोलावलं की छातीत धडधड सुरू होते. सीलिॲक म्हणजे गहू, बार्ली यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार. तो असलेल्या पुष्कळ प्रौढांची ही तक्रार असते आणि घरातून उत्तर येतं, ‘आता तर सगळं बरं आहे ना तुझं?’

नसतं बरं. सीलिॲकच्या रुग्णांमध्ये चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. इटलीतल्या 2001 सालच्या एका अभ्यासात वर्षभर ग्लुटेनमुक्त आहार घेतल्यावर रुग्णांची चिंता कमी झाली, पण नैराश्य फारसं हललं नाही. म्हणून ‘आतडं सुधारलं की मन सुधारेल’ या आशेवर वर्ष घालवू नका. पोटाची आणि मनाची कामं बरोबरच हाती घ्या.

एक गोष्ट आधी. सीलिॲकचा नुसता संशय असेल आणि तपासणी झाली नसेल, तर गहू आत्ताच सोडू नका. टीटीजी ही रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू खाण्यात असतानाच खरं सांगतात. आधीच सोडला असेल, तर निदानासाठी कित्येक आठवडे पुन्हा खावा लागू शकतो.

पहिलं काम: रक्त तपासून घ्या

‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला ऐकण्याआधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइडची टीएसएच या तपासण्या लिहून घ्या. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. सीलिॲकमध्ये ते झिजून सपाट होतात. मग लोह कमी पडतं, बी-12 कमी पडतं, आणि थकवा, चिडचिड, विसराळूपणा, उदासी मागोमाग येतात. शाकाहारी माणसात बी-12 आधीच काठावर असतं. थायरॉइडचं दुखणंही सीलिॲकबरोबर बऱ्याचदा येतं, कारण दोन्हीकडे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली असते. थायरॉइड मंदावला की माणूस हुबेहूब नैराश्यात असल्यासारखा दिसतो. कमतरता सापडली तर ती भरून काढायचीच, पण तेवढ्यावर मनाचा विषय मिटला असं धरू नका.

टीटीजीही पुन्हा करून घ्या. निदानानंतर सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी ती करतात. आकडा खाली येत नसेल तर बहुधा ग्लुटेन कुठून तरी पोटात जातंय.

दुसरं: मनाचंही माप घ्या

पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची नैराश्याची आणि जीएडी-7 ही सात प्रश्नांची चिंतेची प्रश्नावली. दोन्ही मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. कोणत्याही एकीत 10 किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांशी बोला. हे निदान नव्हे, पण ‘कसंतरीच होतं’ याऐवजी दाखवायला आकडा मिळतो आणि महिन्याभराने तुलना करता येते. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येत असेल, तर गुण मोजत बसू नका. घरच्या कुणाला लगेच सांगा, जवळच्या रुग्णालयात जा किंवा टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

तिसरं: स्वयंपाकघर एकदाच नीट लावा

सतत शंका येणं हे चिंतेचं मोठं खाद्य आहे. त्यातल्या बऱ्याच शंका आठवडाभर कष्ट घेतले तर कायमच्या मिटतात.

आपल्याकडे एक सोय आहे: तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळी ग्लुटेनविना. उपासाचे दिवस तर सर्वांत निवांत, कारण साबुदाणा, वरी, राजगिरा यांतही ग्लुटेन नाही. घात होतो तो गिरणीत. गव्हानंतर त्याच जात्यातून निघालेलं ज्वारीचं पीठ तुमच्यासाठी गव्हाचंच. घरघंटी घेता आली तर उत्तम. ती फक्त तुमच्या धान्यासाठी ठेवा. नाहीतर ग्लुटेनमुक्त असं छापलेलं पीठ घ्या. भारतात तसं लिहायला किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

दुसरा चोर हिंग. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं आणि रोजच्या आमटीच्या फोडणीत तोच पडतो. तांदळाच्या पिठातला किंवा शुद्ध खडा हिंग आणा. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, सोया सॉसमध्ये असतो, माल्ट घातलेल्या पेयांत बार्ली असते. ओट्स ग्लुटेनमुक्त असं छापलेले असतील तरच, तेही डॉक्टरांना विचारून. पोळपाट, लाटणं, तवा, पिठाची चाळणी वेगळी करा. सामायिक ओट्यावर आधी भाकरी, मग पोळ्या.

चौथं: सावधपणाला कुंपण घाला

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. ‘जितकी काळजी घ्याल तितकं चांगलं’ असं रुग्णांना सांगतात, ते अर्धंच खरं आहे. न्यूयॉर्कमधल्या 2018 च्या एका अभ्यासात आहाराबाबत टोकाची दक्षता बाळगणाऱ्यांचं रोजचं जगणं इतरांपेक्षा खालावलेलं आढळलं. पथ्य काटेकोरच हवं, पण त्याचा विचार दिवसभर नको. लेबल दुकानात वाचा, घरी तेच पुन्हा वाचू नका. बाहेर खायची चार ठिकाणं पारखून ठेवा आणि तिथेच जा. चुकून काही खाल्लं गेलं तर दिवस आणि पदार्थ लिहून ठेवा, पाणी प्या आणि पुढचं जेवण नेहमीसारखं घ्या. दोन दिवस उपाशी राहून प्रायश्चित्त घेऊ नका.

पाचवं: नकार आधीच ठरवून ठेवा

सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. ‘प्रसादाला नाही म्हणू नये, एवढ्याशाने काय होतं?’ याला त्या क्षणी उत्तर सुचत नाही आणि मग माणूस पूजेलाच जायचं टाळतो, पुढे लग्नाला, पुढे मैत्रिणीकडेही. एकटेपणा असा वाढतो. एक वाक्य पाठ करा: ‘काकू, मला गहू औषध म्हणून बंद आहे, मी तीर्थ आणि केळं घेते.’ ॲलर्जी की आजार, हे समजावत बसायची गरज नाही. यजमानांशी आदल्या दिवशी बोलून स्वतःचा डबा नेणं हा मात्र सगळ्यांत खात्रीचा मार्ग. घरातल्या एकाने ही बाजू सांभाळायची ठरवलं, तर रुग्णावरचं ओझं निम्मं होतं.

सहावं: उपचार घ्या, आणि सीलिॲक सांगून घ्या

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, किंवा भीतीने कामात नि जेवणात अडथळा येऊ लागला, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी सीबीटी ही पद्धत खाण्याच्या धास्तीवर उपयोगी पडू शकते. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सीलिॲक सांगा: आतडं अजून भरून आलं नसेल तर औषध शोषलं जाण्यावर परिणाम होऊ शकतो, आणि गोळीत कोणता स्टार्च आहे हे औषध दुकानदाराला किंवा कंपनीला विचारता येतं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटू लागलं म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका; डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात.