जुन्या गाडीला स्टील ब्रेडेड ब्रेक होज बसवताना

ब्रेक होज म्हणजे चाकाच्या ब्रेकपर्यंत ब्रेक ऑइल नेणारी लवचिक नळी; स्टील ब्रेडेड होजवर स्टीलची जाळी विणलेली असते. आदल्या रात्री जुन्या होजच्या सांध्यांवर गंज सोडवणारं तेल मारा. नट फ्लेअर-नट पान्यानेच (नटाला जवळपास सगळ्या बाजूंनी पकडणारा पाना) खोला. साध्या पान्याने कडा गोल होतात आणि मग लोखंडी पाइपही बदलावा लागतो.

आटे नीट जुळवा. जुन्या ब्रिटिश गाड्यांतला ३/८ इंच यूएनएफ (इंची बारीक आट्यांचा) नट एम१० × १ च्या (१० मिमी व्यासाच्या, १ मिमी अंतराच्या मेट्रिक आट्यांच्या) भोकात सैलसर जातो, बसल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली सुटू शकतो. बॅन्जो बोल्टला (होजचं गोल टोक बसवणारा, आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) त्या टोकाच्या दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर हवेतच.

होजला पीळ नको. चाक लटकतं ठेवून आणि वर उचलूनही स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. स्टीलची जाळी जिथे घासते तिथे करवतीसारखी कापते.

ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल भरून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा, मग पेडल मिनिटभर घट्ट दाबून प्रत्येक सांधा कोरडा आहे का तपासा.