उदास असताना आवडतं पुस्तकही वाचवत नव्हतं, त्यावर सापडलेला उपाय

लक्षण असं: मन खचलं की आवडतं पुस्तक हातात घ्यायचे, पण एकच ओळ चार-चारदा वाचूनही डोक्यात शिरायची नाही. गेल्या पावसाळ्यात हे १०-१२ दिवस चाललं.

नवी कादंबरी आणली, पात्रांची नावंच लक्षात राहीनात. जुनी लाडकी कादंबरी पहिल्या पानापासून धरली, २० पानांत दमले. मोबाइलवर वाचू लागले तर मेसेज येत राहिले. ज्या पुस्तकांनी मला वाढवलं तीच परकी झाली, याचं रडू यायचं.

शेवटी जमलं ते असं. आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. मग पुलंचं 'व्यक्ती आणि वल्ली' काढलं, कारण त्यातलं प्रत्येक व्यक्तिचित्र स्वतंत्र आहे, मागचं काही आठवावं लागत नाही. त्यातलं जवळपास पाठ असलेलं 'नारायण' निवडलं आणि मोठ्याने वाचलं. खरी किल्ली इथेच होती: आवाज काढला की नजर ओळीवरून घसरत नाही. १० मिनिटं झाल्यावर परिच्छेद संपवून खूण घातली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहानंतर तिथूनच पुढे. 'नंदा प्रधान' मात्र सुरुवातीला नको, ते फार आत लागतं. पाचव्या दिवशी १० मिनिटं उलटून गेलेली कळलीच नाहीत. मग ती जुनी कादंबरी पुन्हा घेतली, या वेळी मधल्या आवडत्या प्रकरणापासून.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर केवळ पुस्तकावर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा किंवा 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.