व्यायाम पुन्हा पुन्हा सुटतो? या चुका टाळा

चौथ्यांदा व्यायाम सुटला की माणूस स्वतःवरच शिक्का मारून मोकळा होतो: आपल्यात जिद्दच नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण या उत्तरापुढे शोधायला काही उरत नाही. जिद्द नसती तर चार वेळा सुरुवात झाली असती का? विचारायचं ते एवढंच, की काहून सुटलं आणि कुठं सुटलं. बहुतेकांचं घोडं दरवेळी एकाच जागी अडतं.

त्यासाठी वही ठेवा आणि चुकलेल्या दिवसाची नोंद आवर्जून करा. उदाहरणार्थ, नागपूरच्या सेमिनरी हिल्स टेकडीवर चालायला जाणाऱ्याची नोंद: '9 एप्रिल. सेमिनरी हिल्स. निघायलाच साडेसात वाजले. ऊन चढलं, चढावर दम लागला, अर्ध्यातून परत. रात्री लग्न होतं, झोप पाच तास.' अशा पाच-सहा नोंदी एकाखाली एक वाचल्या की कळतं, अडचण चढाची नाही, रात्रीच्या जागरणाची आहे. मग बदलायचं तेवढंच. वेळ, आहार, जिम सगळं एकदम बदललं, तर कशाने फरक पडला ते समजत नाही.

उन्हाळ्याला विसरून आखलेलं वेळापत्रक

जानेवारीच्या थंडीत फुटाळा तलावावर जमलेला वेग मे महिन्यात जमत नाही, आणि लोकांना वाटतं स्टॅमिना गेला. तसं नसतं. उन्हात शरीर थंड ठेवायला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस वेग उतरवा, चालताना बोलता येईल इतकाच ठेवा. पारा 45 अंशांपर्यंत जातो तेव्हा, विशेषतः नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), घरातच बैठका, भिंतीला टेकून जोर, जिन्याच्या फेऱ्या करा. नागपुरात राहून बाराही महिने एकच वेळापत्रक चालेल असं धरणं म्हणजे मे महिन्यातली माघार आधीच ठरवून ठेवणं आहे.

'या वेळी दुप्पट जोर लावतो'

प्रत्येक अपयशानंतर योजना मोठी होत जाते. आधी अर्धा तास जमला नाही, म्हणून आता एक तास! खरं तर उलट करायला हवं. दम आणि स्नायूंची ताकद तुलनेने लवकर वाढते. कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) आणि हाडं मात्र हळूहळू तयार होतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सगळं छान चाललेलं असतानाच, नडगी किंवा गुडघा ठणकायला लागतो. तीन आठवड्यांचा खंड पडला असेल तर आधीच्या निम्म्यावरून सुरू करा. नव्या व्यायामानंतरचं अंग दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त जाणवतं आणि आठवड्याभरात ओसरतं. एकाच जागी, एकाच बिंदूवर टोचणारं दुखणं वेगळं. ते अंगावर काढू नका.

एक दिवस चुकला म्हणून सोमवारची वाट बघणं, हेही नेहमीचंच. सवय 21 दिवसांत लागते हे ऐकीव आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या 2010 च्या अभ्यासात सरासरी 66 दिवस आढळले. कुणाला 18 पुरले, तर कुणासाठी अंदाज 254 पर्यंत गेला. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. मंगळवार चुकला तर बुधवारी जा, दहाच मिनिटं का होईना.

काट्यावरचा आकडा

पहिल्या आठवड्यात उतरलेले दोन किलो बरेचसे पाण्याचे असतात. रविवारी सावजी मटण झालं आणि सोमवारी काटा किलोभर वर गेला, तर तेही बहुतांशी मिठाने धरून ठेवलेलं पाणी आणि पोटातलं अन्न. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. एका जेवणात तेवढ्या जास्तीच्या जात नाहीत. वजन रोज केलं तरी आठवड्याची सरासरी बघा. कमरेचं माप घ्या, त्याच चढावर आता थांबावं लागतं का ते बघा.

शुगर, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दाब, चक्कर किंवा अचानक धाप जाणवली तर तिथंच थांबा आणि थेट दवाखाना गाठा.