नावासमोर काम लिहा: आयजेमच्या श्रेययादीची तयारी

आयजेम ही जगभरच्या विद्यार्थ्यांच्या टीम्सची सिंथेटिक बायॉलॉजीची, म्हणजे जनुकांची नवी जुळणी करून सजीवांकडून नवं काम करून घेण्याची, स्पर्धा. तिच्या टीममध्ये निवड झाली की पहिल्या मीटिंगला प्रोजेक्टची कल्पना, बजेट, व्हिसा, टी-शर्टचं डिझाइन असं सगळं निघतं. ज्यांनी मदत केली त्यांच्या नावांचा विषय मात्र विकी, म्हणजे टीमच्या प्रोजेक्टची वेबसाइट, गोठायच्या (तिच्यात बदल बंद व्हायच्या) आदल्या आठवड्यात येतो. तेव्हा सगळे जागरणाने थकलेले असतात आणि जी नावं आठवतात ती मोठ्या माणसांचीच असतात. म्हणून ही तयारी पहिल्या दिवशीच सुरू करा. एक शेअर्ड शीट उघडा आणि त्यात पाच रकाने करा: तारीख, नाव, नेमकं काय केलं, प्रोजेक्टच्या कुठल्या भागात ते कामी आलं, आणि नाव छापायला त्यांची हरकत नाही ना. शीट सांभाळायला एकच माणूस नेमा, पण भरायची सगळ्यांनी. दर आठवड्याच्या मीटिंगचा शेवटचा प्रश्न ठरलेला असू दे: या आठवड्यात आपल्याला कोणी मदत केली?

ही श्रेययादी गॅदरिंगच्या शेवटच्या आभारप्रदर्शनासारखी समजू नका. आयजेम २००३च्या जानेवारीत एमआयटीमधला एक छोटा कोर्स म्हणून सुरू झालं, २००४ला पाच टीम्सची स्पर्धा झाली, आणि २०२२पासून पॅरिसला भरणाऱ्या जंबोरीत, म्हणजे स्पर्धेच्या शेवटच्या मेळाव्यात, जगभरच्या शेकडो टीम्स येतात. आपल्याकडून पुण्याची आयसर, मुंबईची आयसीटी अशा संस्थांच्या टीम्स गेल्या आहेत. एवढ्या गर्दीत परीक्षकाला एक गोष्ट समजून घ्यायची असते: विद्यार्थ्यांनी स्वतः काय केलं आणि कुठे दुसऱ्याचा हात लागला. श्रेययादी ब्राँझ पदकाच्या अटींमध्येच आहे, आणि आता तिचा ठरावीक फॉर्मही असतो. ‘हे आम्ही केलं नाही’ असं जिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथे ‘हे आम्ही केलं’ यावर विश्वास बसतो. माझ्या मते ही यादी विद्यार्थ्यांच्याच सर्वांत फायद्याची आहे.

आता माणसं. पीआय (टीमची जबाबदारी घेणारे प्राध्यापक), इन्स्ट्रक्टर, अॅडव्हायझर यांची नावं टीमच्या अधिकृत यादीत असतातच, पण तेवढ्यावर भागवू नका. ‘मॅडमचे बहुमोल मार्गदर्शन लाभले’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. त्याऐवजी लिहा: ‘मॅडमनी आमच्या पहिल्या सर्किटमधली गळती दाखवून दिली आणि दुसरा प्रमोटर सुचवला, बदललेलं डिझाइन आणि त्याचे प्रयोग आम्ही केले.’ (सर्किट म्हणजे जनुकांची जुळणी, गळती म्हणजे बंद असायला हवं तेव्हाही जनुक थोडं चालू राहणं, आणि प्रमोटर म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा.) मार्गदर्शकाचं नेमकं काम दिसतं, तुमचंही दिसतं. पीएचडी करणाऱ्या दादा-ताईंच्या बाबतीत तर हे फारच काटेकोरपणे करा, कारण त्यांची मदत सवयीची होऊन जाते. ट्रान्सफॉर्मेशन (जिवाणूत बाहेरचा डीएनए घालणं) पहिल्यांदा कोणी हाताला धरून शिकवलं, कॉलनी येत नव्हत्या तेव्हा कॉम्पिटंट सेल्सची (असा डीएनए आत घेऊ शकणाऱ्या जिवाणूंची) नवी बॅच कोणी बनवून दिली, रविवारी लॅब कोणी उघडली. शिकवणं, करून देणं आणि वस्तू देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शीटमध्ये त्या वेगळ्याच दिसल्या पाहिजेत. ताईंनी जेल (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करायची चाचणी) चालवून दाखवलं असेल तर तसं लिहा. विकीवरचा जेलचा फोटो ताईंच्याच जेलचा असेल, तर त्या फोटोखालीच लिहा.

मग ती माणसं, जी कोणाच्याच यादीत नसतात. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावणारे, जिवाणू वाढवायच्या प्लेट्स ओतायला मदत करणारे, काचसामान धुणारे अटेंडंट काका-मावशी. एंझाइम बर्फात आलं तेव्हा ते तसंच टेबलावर न ठेवता उणे वीसच्या फ्रीझरमध्ये घालणारे स्टोअरमधले काका. अकाउंट्समधल्या ज्यांनी तुमच्या बिलांचा गुंता सोडवला त्या मॅडम. तुमच्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीतले सदस्य, ज्यांनी तुमचा अर्ज वाचून शंका काढल्या. १९८९च्या नियमांनुसार जनुकीय फेरबदलाचं काम करणाऱ्या संस्थेत अशी समिती लागतेच, आणि त्यांच्या प्रश्नांमुळे डिझाइन बदललं असेल तर तो बदल त्यांच्या नावावर लिहायला हवा. या सगळ्यांची पूर्ण नावं विचारून घ्या. वर्षभर ‘मामा’ म्हणून हाक मारलेल्या माणसाचं आडनाव शेवटच्या रात्री कोणालाच माहीत नसतं.

साहित्याची नोंद हा सगळ्यांत किचकट भाग, म्हणून त्याला जास्त वेळ द्या. फ्रीझरमधल्या तुमच्या खोक्यातली एकेक नळी हातात घ्या. झाकणावर मार्करने ‘पीईटी२८, दादा’ एवढंच लिहिलं असेल तर कुठला दादा, त्याला तो प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ) कुठल्या लॅबकडून मिळाला, त्या लॅबने तो स्वतः बनवला की अॅडजीन या प्लाझ्मिड साठवून पुरवणाऱ्या संस्थेकडून मागवला, इथपर्यंत मागे जा. अॅडजीनचा असेल तर प्लाझ्मिडचा नंबर, तो जमा करणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव आणि मूळ पेपर, तिन्ही उतरवून घ्या. दुसऱ्या संस्थेतून साहित्य घेताना करारावर सही झाली असेल, तर श्रेय कसं द्यायचं हे कधीकधी त्या करारातच लिहिलेलं असतं. तो कागद शोधून वाचा. आयजेमच्या रजिस्ट्रीतला, म्हणजे डीएनएच्या तयार भागांच्या संग्रहातला, भाग वापरला तर नुसता नंबर देऊन थांबू नका. जे२३१०० हा प्रमोटर आणि त्याची भावंडं पुष्कळ टीम्स वापरतात. तो प्रमोटरसंच ख्रिस अँडरसन यांचा, बर्कलीच्या २००६च्या आयजेम टीममधून आलेला आहे. म्हणजे तुमच्यासारख्याच एका टीमचं काम तुम्ही पुढे नेताय. त्यांचं नाव लिहायला अर्धी ओळ पुरते.

हिरवी चमकणारी प्लेट तर बहुतेक विकींवर असतेच. त्या चमकेमागची गोष्ट प्रत्येक टीमला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. जीएफपी, म्हणजे ही हिरवी चमक देणारं प्रथिन, यासाठी २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल ओसामू शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर चेन यांना मिळालं. एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधलं त्या प्रथिनाचं जनुक मात्र डग्लस प्रॅशर यांनी क्लोन केलं होतं आणि त्याचा क्रम १९९२मध्ये प्रसिद्ध केला होता. पुढच्या कामाला पैसे मिळेनात, तेव्हा त्यांनी ते जनुक चॅल्फी आणि चेन या दोघांनाही देऊन टाकलं. नोबेल जाहीर झालं तेव्हा प्रॅशर अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये मोटारींच्या एका शोरूमची, ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. चॅल्फींनी १९९४च्या पेपरवर त्यांचं सहलेखक म्हणून नाव घातलं होतं, आणि चॅल्फी आणि चेन या दोघा विजेत्यांनी खर्च करून त्यांना पत्नीसह स्टॉकहोमच्या समारंभाला नेलं. श्रेय मिळूनही प्रॅशर यांची नोकरी टिकली नाही. श्रेयाने सगळं भागतं असा माझा दावा नाही. पण जनुक कोणाच्या हातून आलं हे पेपरवर छापलेलं होतं. तुमच्या प्लेटवरच्या चमकेखाली ते नाव आलं तर बिघडत काहीच नाही.

मॉडेलिंगवाल्यांची कोडसाठी वेगळी नोंद असू दे. कुठल्या जुन्या टीमचं मॉडेल घेतलं, कुठली लायब्ररी वापरली, तिचं लायसन्स काय. विकीवरचा मजकूर सीसी बाय ४.० या (मूळ कर्त्याचं नाव देऊन कोणालाही वापरू देणाऱ्या) परवान्याखाली जातो, त्यामुळे नेटवरून उचललेली आकृती तिथे चालत नाही. आकृत्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काढल्या तेही लिहा. एआयकडून कोड किंवा मजकूर करून घेतला असेल तर कुठे आणि कशासाठी, हे सरळ सांगा.

ज्या शेतकऱ्यांशी, डॉक्टरांशी, पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरांशी तुम्ही बोललात, त्यांच्या बाबतीत आधी परवानगी, मग नाव. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आयसीएमजेई ही समिती सांगते की ज्यांचे आभार मानायचे त्यांची लेखी संमती घ्यावी, कारण नाव दिसलं की निष्कर्षही त्यांना मान्य आहेत असं वाचणाऱ्याला वाटू शकतं. जनुकीय फेरबदलाच्या प्रोजेक्टमध्ये तर हे फार नाजूक आहे. तुमच्या सेन्सरबद्दल शंका घेणाऱ्या शेतकऱ्याचं नाव ‘सपोर्टर्स’ या मथळ्याखाली टाकलंत, तर तो त्याच्यावर अन्याय आहे. त्याने शंका घेतली आणि त्यामुळे आपण काय बदललं, असंच लिहा. मेसेज साधा ठेवा: ‘काका, तुम्ही विहिरीच्या पाण्याबद्दल सांगितलं त्यावरून आम्ही आमची चाचणी बदलली. आमच्या पानावर तुमचं नाव आणि गाव लिहू का? खाली वाक्य दिलंय, काही चुकलं असेल तर सांगा.’ नाव नको म्हणाले तर ‘नगर जिल्ह्यातले एक कांदा उत्पादक’ एवढं पुरे. मोबाइल नंबर, आजाराची माहिती, घराचा फोटो यातलं काहीही पानावर जाता कामा नये.

पैशांचं थोडक्यात. रोख मदत, सवलतीत किंवा फुकट मिळालेला डीएनए, सॉफ्टवेअरचं लायसन्स आणि वर्गणी वेगवेगळी दाखवा. कंपनीचा लोगो त्यांच्याकडून मागवून घ्या. प्रायोजकांची आणि सल्लागारांची यादी एकत्र करू नका. ज्या कंपनीने पैसे दिले तिच्याच तज्ज्ञाने प्रयोगाबद्दल सल्लाही दिला असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात, उघडपणे सांगा.

टीमच्या आतली वाटणीही विसरू नका. संशोधन पेपरांसाठी क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची पद्धत आहे: संकल्पना, प्रयोग, विश्लेषण, सॉफ्टवेअर, लेखन, निधी वगैरे. ती समोर ठेवून प्रत्येकाने आधी दुसऱ्यांची कामं लिहायची, मग स्वतःची. मध्येच टीम सोडून गेलेल्याचं काम त्याच्या नावावरच राहू दे. भांडण झालं असलं तरी प्रायमर (डीएनएच्या प्रती काढायला लागणारे छोटे तुकडे) त्यानेच डिझाइन केले होते. हे वाद जूनमध्ये मिटतात, ऑक्टोबरमध्ये चिघळतात.

विकी गोठायच्या निदान दहा दिवस आधी कच्ची यादी तयार हवी. मग लॅब नोटबुक पहिल्या पानापासून उलटत जा आणि प्रत्येक प्रयोगाला विचारा: हे साहित्य कोणाचं, हे कोणी शिकवलं, हा निर्णय कोणामुळे बदलला? शीटमध्ये नसलेली दोन-चार नावं इथे हमखास सापडतात. प्रत्येकाला त्याच्यापुरतं वाक्य पाठवा आणि नावाचं स्पेलिंग त्याच्याकडूनच पक्कं करून घ्या. कुलकर्णी, देशपांडे, पाटील सगळीकडे असतात, पहिलं नाव पूर्ण लिहा. एकदा विकी गोठली की चूक सुधारता येत नाही. पोस्टर, स्लाइड्स आणि व्हिडिओ यांवरची नावं त्याच शीटमधून घ्या, नाहीतर तीन ठिकाणी तीन याद्या होतात.

जंबोरीहून परतल्यावर पानाची लिंक सगळ्यांना पाठवा. ज्यांना लिंकचा उपयोग नाही, त्या अटेंडंट काकांना छापील प्रत हातात द्या आणि त्यांचं नाव कुठे आहे ते दाखवा. फ्रीझरमधल्या नळ्यांवर नवी लेबलं लावा, त्यावर मूळ लॅबचं नाव असू दे. शीट पुढच्या वर्षीच्या टीमला द्या, परवानग्यांच्या मेल्ससकट. पेपर लिहायची वेळ आली तर लेखक कोण आणि आभार कोणाचे हे त्यातूनच ठरवता येईल.