उन्हाळ्यात घरात धावताय? कूलर समोर ठेवा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की सेमिनरी हिल्सची चढण पहाटेच काय ती जमते. उशिरा उठणाऱ्यांना व्हीआर हेडसेट (डोळ्यांसमोर आभासी जग दाखवणारा चष्मा) लावून घरातच धावण्याचा मोह होणं साहजिक आहे. पण हेडसेट लावून ट्रेडमिलवर थेट धावू नका. पट्टा दिसत नाही, तोल गेला की पडणं ठरलेलं. जागच्या जागी जॉगिंग करा, पायाखाली छोटी चटई ठेवा. तळव्याला चटईची कड लागली की आपण सरकलो हे कळतं.

मळमळ ही खरी अडचण. डोळ्यांना वेग दिसतो, कानातलं तोलाचं इंद्रिय म्हणतं आपण जागेवरच आहोत; या भांडणात पोट ढवळतं. म्हणून सुरुवात पाच-सात मिनिटांनी करा आणि गरगरलं की लगेच थांबा, रेटू नका. कूलर अगदी समोर ठेवा: घामही सुकतो आणि वाऱ्यावरून दिशाही कळते. फक्त पाण्याचा पंप बंद ठेवा, दमट हवेत भिंगांवर वाफ धरते.

क्वेस्ट ३ सारखा हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, मान अवघडते. ट्रेडमिल हवीच असेल तर समोर टीव्ही लावून झ्विफ्ट हे आभासी रस्त्यांवर धावण्याचं ॲप चालवा, ओढली गेली की पट्टा थांबवणारी सेफ्टी क्लिप कपड्याला अडकवून. आणि हो, हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगांतून एकवटलेलं ऊन आतला पडदा जाळतं.