उजव्या बाजूच्या देशात स्टिअरिंग हाती घेताना: नागपूरकरांसाठी तयारी

वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते अशा देशात भाड्याची गाडी घेतल्यावर भर गर्दीत बाजू सहसा चुकत नाही. पुढेमागे गाड्या असल्या की त्यांच्यामागे राहूनही निभतं. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर. पहाटे हॉटेलातून निघताना, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, फोटोसाठी थांबलेल्या जागेवरून पुन्हा गाडी सुरू करताना. समोर एकही वाहन नसतं, हात वर्षांच्या सवयीने गाडी डावीकडे नेतात आणि आपण चुकीच्या बाजूला आहोत हे पुढच्या वळणावर समोरची गाडी दिसल्यावरच कळतं. खालची बरीच तयारी त्या काही सेकंदांसाठी आहे. पण आधी कागदपत्रं, कारण ती नागपुरातच करावी लागतात.

आरटीओचं काम

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, आपल्या पत्त्याच्या हद्दीतल्या आरटीओकडून मिळतं. शहर (एमएच ३१), पूर्व नागपूर (एमएच ४९) आणि ग्रामीण (एमएच ४०) ही कार्यालयं वेगळी आहेत, त्यामुळे लायसन्सवरचा पत्ता कुठला ते आधी बघा. अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर करायचा, तो नमुना ४-अ चा असतो. शुल्क १००० रुपये. मुदत एक वर्ष किंवा मूळ लायसन्स संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल ते. म्हणून प्रवासाच्या महिनाभर आधी काढा. वर्षभर आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही.

खोळंबा नावामुळे होतो. लायसन्सवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. कुठे वडिलांचं पूर्ण नाव, कुठे नुसतं आद्याक्षर. भाड्याच्या काउंटरवरचा माणूस अक्षर अन् अक्षर ताडून बघतो. फरक असेल तर दुरुस्ती आधी करून घ्या. मूळ प्लास्टिकचं कार्ड सोबत हवंच. मूळ लायसन्सशिवाय नुसत्या आयडीपीला किंमत नाही, आणि मोबाइलमधलं डिजिलॉकर तिकडे कोणी विचारात घेत नाही. ऑनलाइन दहा मिनिटांत ‘इंटरनॅशनल लायसन्स’ विकणारी खासगी संकेतस्थळं आहेत, त्यांच्या कागदाचा काही उपयोग नाही.

आपलं परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचं असतं. जपानला नेमकं तेच लागतं. चीनमध्ये कुठलंही आयडीपी चालत नाही. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात, म्हणून ज्या राज्यात गाडी घेणार तिथल्या परिवहन विभागाचं पान वाचा आणि भाड्याच्या कंपनीलाही ईमेलवर विचारून ठेवा. बाली-थायलंडला जाणाऱ्यांसाठी एक ठळक सूचना: लायसन्सवर फक्त चारचाकी असेल तर तिथे भाड्याची स्कूटर घेऊ नका. दुचाकीचा वर्ग नसताना अपघात झाला तर प्रवासविमा दावा नाकारू शकतो, आणि हॉस्पिटलचं बिल तुमच्या खिशातून जातं.

बुकिंग करताना ऑटोमॅटिक गाडीच मागा. युरोपात मॅन्युअल स्वस्त पडते, पण नवी बाजू आणि उजव्या हातात गिअर, ही दोन ओझी एकदम घेऊ नयेत. चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डिपॉझिटसाठी मोठी रक्कम त्यावर अडकून राहते, म्हणून मर्यादा वाढवून घ्या. विम्याच्या कागदात दोन गोष्टी शोधा: तुमच्या खिशातून किती रक्कम जाणार, आणि टायर, काच, गाडीचा खालचा भाग विम्यात आहे का. बऱ्याचदा नसतो. अमेरिकेत थर्ड पार्टीचं संरक्षण पुरेसं आहे का हे वेगळं विचारा. लहान मुलांची सीट बुकिंगमध्येच घाला. इंग्लंडमध्ये १२ वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोपर्यंत ती लागते. मांडीवर मूल घेऊन बसू नका.

निघण्याआधीचा आठवडा

सवयी नागपुरातच मोडायला घ्या. सात दिवस हॉर्न वाजवायचा नाही. प्रत्येक लेन बदलण्याआधी इंडिकेटर, आरसा आणि खांद्यावरून एक नजर. सिग्नलला गाडी पांढऱ्या रेषेच्या मागे पूर्ण थांबवायची, झेब्रावर नाही. मोकळा दिवस मिळाला तर समृद्धी महामार्गावर शिवमडक्याहून वर्ध्याच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन या. जाताना डावीकडची लेन धरा, ओव्हरटेकसाठीच उजवीकडे या आणि लगेच परत डावीकडे जा. आपल्याकडे उजवी लेन अडवून निवांत जाणारे रोज दिसतात. जर्मनीच्या ऑटोबानवर तसं केलं तर दंड होतो, आणि मागून दोनशेच्या वेगाने येणारी गाडी असू शकते. तिथे उजवी लेन धरायची, ओव्हरटेक डावीकडूनच, आणि वाहतूक तुंबली की मधून रुग्णवाहिकेला वाट राहील अशा गाड्या दोन्ही कडांना सरकवायच्या.

‘लेफ्ट फ्री’ मात्र डोक्यातून पार काढून टाका. चौकात लाल असताना डावीकडे सटकायची आपल्याला इतकी सवय आहे की तो नियम जगभर असावा असं वाटतं. इंग्लंडमध्ये लाल म्हणजे सगळ्यांना लाल. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल असताना उजवीकडे वळता येतं, पण आधी गाडी पूर्ण थांबवून आणि मनाईची पाटी नसेल तरच. न्यूयॉर्क शहरात तेही नाही.

पार्किंगमधला पहिला अर्धा तास

विमानातून उतरल्याबरोबर गाडी घेऊ नका. नागपूरहून मुंबई-दिल्लीमार्गे युरोप-अमेरिका म्हणजे घर सोडल्यापासून वीस-तीस तास, आणि उतरता तेव्हा शरीराच्या घड्याळात रात्र असू शकते. पहिली रात्र हॉटेलात झोपा, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. भाडंही एका दिवसाचं वाचतं.

गाडीचा व्हिडिओ काढा: चारही बाजू, रिम, छप्पर, काच, पेट्रोलचा काटा. मग आत बसा आणि इंजिन बंद असतानाच हात फिरवून बघा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या दांड्यावर असतो, तिकडे डाव्या. त्यामुळे पहिल्या दिवशी वळताना इंडिकेटरऐवजी कोरड्या काचेवर वायपर फिरतो. मधला आरसा बघायला मान उजवीकडे वळवावी लागते. गिअर शोधणारा डावा हात दारावर आपटतो. पेडल मात्र सगळीकडे तशीच असतात: ब्रेक डावीकडे, ॲक्सिलरेटर उजवीकडे. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नाही. तो सीटजवळ मागे ओढून ठेवा. गिअर बदलायची वेळ आली असं शरीराला वाटलं की हाच पाय क्लच समजून रुंद ब्रेक खालपर्यंत दाबतो आणि मागची गाडी येऊन आदळते. पार्किंगमध्येच दहा फेऱ्या मारा, दोनदा रिव्हर्स घ्या.

आता मुख्य गोष्ट. डावीकडची गाडी असो वा उजवीकडची, देशाच्या पद्धतीची गाडी असेल तर चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे बसलेला असतो. तुमच्या खांद्याजवळ रेष, शेजारी बसलेल्याकडे फुटपाथ. डावं-उजवं विसरा, एवढंच धरा. शेजारच्या माणसाला काम द्या: दर वेळी गाडी थांबून पुन्हा निघाली की त्याने मोठ्याने म्हणायचं, “रेष तुमच्याकडे.” नवरा-बायको असोत, मुलगा आणि बाबा असोत, लाजायचं नाही आणि चिडायचंही नाही. एकट्याने जात असाल तर डॅशबोर्डवर डोळ्यांसमोर रंगीत टेपचा बाण चिकटवा.

हे वाक्य नेमकं केव्हा म्हणायचं? पंपातून निघताना, यू-टर्ननंतर, एकेरी रस्ता संपून दुहेरी लागताना, डिव्हायडर संपल्यावर, खेड्यातल्या अरुंद रस्त्यावर समोरची गाडी जाऊ दिल्यानंतर. आणि दचकल्यावर. समोरून अचानक काही आलं की आपलं शरीर डावीकडे वळवतं. उजव्या बाजूच्या देशात डावीकडे म्हणजे समोरच्या वाहतुकीत. तिथे सरळ रेषेत जोरात ब्रेक मारणं आणि उजवी कड धरणं हे मनात आधीच घोकून ठेवावं लागतं. चुकीच्या बाजूला आलोच तर वेग कमी करा, हजार्ड लाइट लावा, वाट मोकळी असेल तर आपल्या बाजूला या, नसेल तर जवळच्या कडेला थांबा.

वळणं उलटी होतात. उजवीकडचं वळण छोटं, डावीकडचं मोठं आणि समोरची वाहतूक ओलांडून घ्यायचं. म्हणून पहिले दोन दिवस डावीकडची वळणं सिग्नलवरच घेता येतील असा रस्ता निवडा. गोल चौकात फेरी घड्याळाच्या उलट दिशेने, आणि आत आधीपासून असलेल्यांना, म्हणजे डावीकडून येणाऱ्यांना, आधी जाऊ द्यायचं. इंग्लंड-न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखीच डावी बाजू, तिथे उजवीकडून येणाऱ्याला मान.

पहिल्या तासात गाडी उजव्या कडेकडे सरकते. कारण असं: आपण लेनमध्ये स्वतःला नेहमीच्या जागी बसवतो, पण गाडीचं उरलेलं अंग आता उजवीकडे असतं. उजवी चाकं फुटपाथला घासतात, उजवा आरसा उभ्या गाडीला लागतो. उजव्या आरशात लेनची रेष दिसते का हे अधूनमधून बघत राहा.

जिथे आपले लोक हमखास अडकतात

अमेरिकेत चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी असलेला चौक असतो. चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, हळू करून सरकणं चालत नाही. जो आधी थांबला तो आधी जातो, दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. पिवळ्या स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर मागूनच नव्हे, डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर समोरूनही थांबायचं. पोलिसांनी थांबवलं तर आपल्यासारखं उतरून त्यांच्याकडे चालत जाऊ नका. गाडीत बसून राहा, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा, कागद काढण्याआधी सांगा. पैसे पुढे करणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे.

वेगाच्या पाट्या अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मैलात असतात. ६० म्हणजे ताशी सुमारे ९६ किलोमीटर. इटलीच्या जुन्या शहरांत ‘झेडटीएल’ (परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही असा भाग) लिहिलेली पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो, वर भाड्याच्या कंपनीचं शुल्क वेगळं. जपानमध्ये रेल्वे फाटक उघडं असलं तरी आधी पूर्ण थांबायचं.

पंपावर बऱ्याच ठिकाणी माणूस नसतो, स्वतः भरावं लागतं. युरोपात हिरवा नोझल साधारणपणे पेट्रोलचा, तर अमेरिकेत हिरवा बऱ्याचदा डिझेलचा. रंगावर जाऊ नका, नाव वाचा. चुकीचं इंधन गेलंच तर इंजिन सुरू करू नका, तसंच कंपनीला फोन करा.

बर्फाचं वेगळं सांगायला हवं, कारण मेच्या ४५ अंशांत गाडी चालवणाऱ्याला त्याचा अंदाज नसतो. बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं. दिसणारा बर्फ एक वेळ बरा, पण डांबरावर पारदर्शक थर जमतो तो काळा ओला रस्ताच वाटतो. तो पुलांवर आधी जमतो, कारण खालूनही गार वारा लागतो. टायरचा आवाज अचानक बंद झाला आणि स्टिअरिंग हलकं लागलं की समजा तुम्ही त्यावर आहात. ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग हळुवार धरा. पहिल्याच हिवाळी सहलीत डोंगरात शिरण्यापेक्षा ट्रेनने जावं, असं आमचं स्पष्ट मत.

अपघात झाला तर थांबा, हजार्ड लावा, सगळ्यांना रस्त्याबाहेर काढा, धोक्याच्या इशाऱ्याचा त्रिकोण ठेवा. युरोपात ११२, अमेरिकेत ९११, इंग्लंड आणि अमिरातीत ९९९, न्यूझीलंडमध्ये १११, ऑस्ट्रेलियात तीन शून्य, जपानमध्ये पोलिसांना ११० आणि रुग्णवाहिकेला ११९. फोटो काढा, न समजलेल्या कागदावर सही करू नका, जागेवर रोख देऊन मिटवू नका.

परतल्यावर सोनेगाव विमानतळावरून घरी गाडी दुसऱ्या कोणाला आणायला सांगा. तीन आठवड्यांत शरीर उजवी बाजू शिकलेलं असतं. दोन दिवस वर्धा रोड पायी ओलांडतानाही आधी उजवीकडे बघायचं, हे स्वतःला सांगून मगच पाऊल टाका.