मुका मार लागल्यावर घरच्या घरी करावयाचे उपचार

मुका मार लागला की आपल्याकडे बहुतेक घरांत पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो आणि दुसरा हळद गरम करायला गॅसकडे. उपाय दोन्ही जुने आहेत, पण मार लागल्या लागल्या ते करणे चुकीचे आहे. आपल्या घरगुती उपचारांत खरी गफलत औषधाची नसून वेळेची होते.

मार लागल्यावर कातडी फाटत नाही, मात्र तिच्याखालच्या केशवाहिन्या फुटतात आणि रक्त आतल्या आत झिरपू लागते. हे झिरपणे थांबण्याच्या आतच तो भाग चोळला किंवा शेकला, तर वाहिन्या रुंदावतात, रक्त अधिक पसरते आणि रुपयाएवढा डाग तळहाताएवढा होतो. म्हणून पहिले दोन दिवस, म्हणजे साधारण ४८ तास, फक्त थंडावा द्यावा. चोळणे आणि शेकणे दोन्ही टाळावे.

हाताला मार लागला असेल तर सर्वांत आधी बांगड्या, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे, कारण सूज चढल्यावर ती निघत नाहीत. त्यानंतर बर्फाचे खडे जाडसर टॉवेलमध्ये गुंडाळून त्या जागेवर १० ते १५ मिनिटे धरावेत. बर्फ उघड्या कातडीवर थेट ठेवू नये, त्याने कातडी पोळल्यासारखी होते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी तर विशेष जपावे. सोलापुरी टॉवेल या कामाला उत्तम, कारण त्याचे सुती वळसे पाणी धरून ठेवतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यात वीज गेली तर घरात बर्फ मिळेलच असे नाही. अशा वेळी माठातल्या पाण्यात टॉवेल भिजवून, हलका पिळून, चौघडी करून ठेवावा आणि तो कोमट झाला की पुन्हा भिजवावा. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी हे करावे. मार पायाला असेल तर झोपताना पायाखाली दोन उशा किंवा घडी घातलेली चादर ठेवून पाय छातीपेक्षा उंच राहील असे पाहावे, म्हणजे सूज कमी चढते.

तिसऱ्या दिवसापासून शेकाची वेळ येते. आता ऊब दिल्याने रक्ताभिसरण वाढते आणि साकळलेले रक्त शरीरात शोषले जाण्यास मदत होते. तव्यावर जाडे मीठ परतून सुती कापडात त्याची पुरचुंडी बांधावी, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूला लावून चटका बसत नाही याची खात्री करावी, आणि मग १० मिनिटे शेकावे.

आंबेहळदीचा लेपही याच टप्प्यावर लावावा. सहाणेवर थोड्या पाण्यात आंबेहळकुंड उगाळावे, त्यात चिमूटभर तुरटीची पूड घालावी, पळीत घेऊन मंद आचेवर सोसवेल इतके कोमट करावे आणि पातळ थर द्यावा. लेप वाळून कातडी ओढू लागली की कोमट पाण्याने धुऊन टाकावा. रात्रभर ठेवण्याची गरज नाही. हळदीत दाह कमी करणारे घटक आहेत, तरी वरून लावलेली हळद खोलवर फारशी पोहोचत नाही, त्यामुळे लेपाने आराम वाटला तरी डाग एका रात्रीत जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. कातडी खरचटली असेल तर लेप मुळीच लावू नये. काही घरांत हळदीबरोबर चुना लावतात, तो मात्र मी आग्रहाने टाळायला सांगेन. चुना क्षारीय असल्याने कातडी भाजते आणि मुक्या माराची उघडी जखम होते.

डागाचा रंग बदलत गेला तर घाबरू नये. आधी लालसर, मग काळानिळा, पुढे हिरवट आणि शेवटी पिवळट-तपकिरी असा तो बदलतो, कारण साकळलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे शरीर टप्प्याटप्प्याने विघटन करत असते. सावळ्या कातडीवर हे रंग नीट दिसत नाहीत. तिथे सूज आणि दुखरेपणा कमी होतो आहे का, हे हलक्या बोटांनी पाहावे. साधारण दोन आठवड्यांत डाग नाहीसा होतो. या काळात आहारात आवळा, पेरू, लिंबू असावे, कारण क जीवनसत्त्व कमी पडले तर केशवाहिन्या नाजूक होतात. दुखणे फार असेल तर पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये, त्याने रक्त गोठण्याची क्रिया मंदावते.

काही मार घरी ठेवण्याजोगे नसतात. यंत्रमागाचा धोटा उडून डोळ्याला किंवा डोक्याला लागला, डोक्याच्या मारानंतर उलटी, गुंगी किंवा बरळणे सुरू झाले, पोटावर मार बसून पोट ताठ झाले, सांधा हलवता येईना, किंवा सूज दगडासारखी घट्ट होऊन बोटे बधिर पडली, तर लेप-शेकात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. मार न लागताच अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, विशेषतः तापासोबत, तर डेंग्यूसारख्या आजारात प्लेटलेट कमी झाल्याचे ते लक्षण असू शकते आणि रक्ततपासणी त्याच दिवशी करावी. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांचा साधा वाटणारा मारही डॉक्टरांना दाखवावा, जाताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत आणि त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.